गुलाबानंतर गुलाब

१४ नोव्हेंबर

जावईबापू,

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून लिहितो आहे. तसंही फोनवर मला बोलायला जमत नाही. तुम्हीच एकदा चेष्टेने म्हणाला होतात, की बाबांचा फोन आला की लाइन कट झाली का ते मधूनमधून बघावं लागतं. माझी मुलगी तेव्हा हसली होती, म्हणून मीही हसलो होतो.

आधी कामाचं. माझी छाटणीची कात्री तुमच्याकडे पायरीवर राहिली आहे. एका मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली, ती. ती गुलाबाची कात्री आहे. कुंपण कापायला किंवा तार तोडायला कोणी घेऊ नये. कोणाबरोबर तरी पाठवून द्या, नाहीतर मी रविवारी येऊन घेऊन जाईन.

रविवारी येऊ नका, हा तुमचा निरोप मिळाला आहे. "काही दिवस येऊ नका, छोटीला त्रास होतो." त्रास होतो असं छोटीने सांगितलं की तुम्ही ठरवलंत, एवढं त्यातून कळत नाही. माझी नात आठ वर्षांची आहे. तिला जे वाटतं ते ती स्वतः सांगते. आईवर गेली आहे.

त्या दिवशी तुम्ही आतून बाहेर आलात तेव्हा अर्धं होऊन गेलं होतं. म्हणून सगळं लिहितो, म्हणजे कोणाकडून दुसरंच काही ऐकलं असेल तर ताडून बघता येईल.

कंबरेमुळे मधले काही रविवार माझे चुकले होते, त्यानंतर पहिल्यांदाच मी फाटक उघडलं. खिडकीखाली गुलाब नव्हता. माझ्या मुलीने लावलेला इंग्लिश गुलाब, खांद्याएवढा झालेला, ज्याच्या फांद्या खिडकीच्या गजांपर्यंत पोचल्या होत्या, तो तिथे नव्हता. त्याच जागी एक काडी होती, चार पानांची. तिला नर्सरीची चिठ्ठी लटकत होती. तुमच्या नव्या मंडळी हाताची माती पुसत उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाबा, बघा ना, अगदी तेच आणलंय. जात पण तीच, वास पण तोच. किती नर्सऱ्या पालथ्या घातल्या म्हणून सांगू."

मी विचारलं, "आधीचं कुठे आहे?"

त्या म्हणाल्या, "ते... काढलं."

मी म्हणालो, "हे काय गाडीचं स्पेअर आहे? जुनं काढलं, त्याच नंबरचं नवं बसवलं?" मी बस डेपोच्या स्टोअरमध्ये आयुष्यभर सुटे भाग दिले-घेतले. मला बोलायची दुसरी पद्धत येत नाही. शिवाय मी झाडाबद्दलच बोलत होतो. तुम्हाला ते झाडाबद्दल वाटलं नाही, हे तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. "बाबा, बास," एवढंच तुम्ही म्हणालात. मी निघालो. छोटी खिडकीत उभी होती.

तुमच्या मंडळींना एक सांगायचं राहिलं. मला बाबा म्हणायची गरज नाही.

कात्रीचं तेवढं लक्षात ठेवा.

छोटीचे आजोबा


२ डिसेंबर

जावईबापू,

कात्री मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून आली. पात्यांना तेल लावलेलं होतं. तुम्ही कशाला कधी तेल लावलेलं मला आठवत नाही, फाटक इतकी वर्षं करकरतंय. असो. पोचली.

बरोबर दोन ओळीही नव्हत्या.

परवा तुमच्या गल्लीतून गेलो. त्या बाजूला माझं काही काम नसतं, दवाखाना उलट्या दिशेला आहे. भिंतीवरून तो नवा गुलाब दिसला. थंडी पडली आहे, या दिवसांत गुलाबाला पालवी फुटायला हवी. तुमचं रोप आणलं तसंच उभं आहे. पानं बारीक, कडा पिवळ्या. खाली शेणखत घातलेलं दिसलं आणि पाणीही भरपूर. लाड चालले आहेत. लाडाने काही होणार नाही.

तो का वाढत नाही, हे मला माहीत आहे. खतात चूक नाही, उन्हात नाही, रोपातही नाही. रोप चांगलं आहे. एक साधी गोष्ट आहे, माहीत असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. आम्हाला दोघांना, म्हणजे माझ्या मुलीला आणि मला, ती चूक करूनच कळली होती. तुम्हीही तेव्हा तिथे होतात, पण अशा गोष्टी तुमच्या लक्षात राहत नाहीत.

ती मी सांगणार नाही. छोटीला रविवारी माझ्याकडे पाठवा, मी तिच्याबरोबर उपाय लिहून पाठवतो. संध्याकाळी स्वतः फाटकापर्यंत सोडीन, आत येणार नाही. हा सौदा वाटला तर सौदा समजा. डेपोत जुना भाग जमा केल्याशिवाय नवा भाग मी कोणाला दिला नाही. मोठमोठे साहेब ओळख सांगत यायचे, त्यांनाही नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा एका रोपावर अडून बसला. माझ्याकडे अडून बसायला दुसरं काही तुम्ही ठेवलेलं नाही.

छोटीचे आजोबा


९ जानेवारी

जावईबापू,

छोटीचा वाढदिवस झाला. मी रंगपेटी आणून ठेवली होती. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. शेजारच्या मास्तरांनी विचारलं, "काय, कुठे लग्न आहे का?" मी म्हणालो, नात येणार आहे. दुपारी त्यांनी पुन्हा डोकावलं आणि काही विचारलं नाही. ते मास्तर एरवी काहीही विचारायचं सोडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, येते असं कोणी कळवलं होतं? कोणी नाही. मीच धरून चाललो.

रंगपेटी या पत्राबरोबर पाठवतो आहे. कोणी दिली ते तिला सांगा. न सांगितलंत तर मला कळणारही नाही, हेही मला समजतं.

आज एक विचारायचं आहे. इतके दिवस विचारलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी तिला त्या झाडाचं एक फूल नेलं होतं. दुसरं काही नव्हतं म्हणून औषध मोजायच्या छोट्या कपात ठेवलं. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, वॉर्डात फुलं चालत नाहीत." तर ही म्हणाली, "सिस्टर, ते फूल नाही. बाबांचे नातेवाईक आहेत, भेटायला आलेत." सिस्टर हसल्या आणि संध्याकाळपर्यंत राहू दिलं. त्या फुलाचा वास तुम्हाला माहीत आहे. लिंबाची साल सोलल्यासारखा आधी येतो आणि मागून मध. तिने ते नाकाशी धरलं होतं. मला म्हणाली, "वाळलेली फुलं खालच्या पानापर्यंत कापताय ना? नुसतं टोक खुडू नका. तुम्ही चुकारपणा करता." मी तिला लहानपणापासून सुपरवायझर म्हणायचो, ते उगीच नाही.

तेव्हा तुम्ही कुठे होतात? हे विचारायचं आहे. व्हरांड्यात होतात, बाकावर. मी जाताना बघितलं, येतानाही बघितलं. आत तुमची बायको होती आणि तुम्ही बाहेर भिंतीकडे बघत होतात. मी तेव्हा काही बोललो नाही. नंतर वर्ष व्हायच्या आत तुमच्या घरात नवीन माणूस आलं, तेव्हाही बोललो नाही. सगळे म्हणाले, लहान मुलगी आहे, घरात बाई हवी. मी मान हलवली. माझी मान त्या वर्षात बरीच हलली.

दर रविवारी मी येत होतो. झाड छाटायचो, किडकी पानं वेचायचो, छोटी पानं गोळा करून बादलीत टाकायची. तुम्ही चहा पाठवायचात आणि आत राहायचात. तेवढंच माझं होतं. तेवढंही खणून काढलंत.

हौस म्हणून नवं लावायचं होतं, तर अंगण केवढं मोठं आहे. तिचंच कशाला काढलंत? एवढंच विचारायचं होतं.

गल्लीतून पुन्हा गेलो. रोपाची दोनच पानं उरली आहेत.

छोटीचे आजोबा


३० जानेवारी

तुम्हाला काय म्हणून लिहावं ते ठरेना. म्हणून वर काही लिहिलेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, किंवा घ्या.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिलं आहे की हे पत्र तुम्ही त्यांना न सांगता लिहिताय. माझी सगळी पत्रं ते वाचतात आणि कपाटावर ठेवतात, उत्तर लिहायला बसतात आणि उठतात. मग तुम्ही ती वाचता. म्हणजे "मंडळी", "नवीन माणूस", सगळं वाचलंत. मी ते मागे घेत नाही. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

कात्रीला तेल तुम्ही लावलं होतं, हे मला आधीच कळलं होतं.

आता बाकीचं. तुम्ही लिहिता की झाड तुम्ही काढलं नाही. पावसाळा संपता संपता त्याला मोठा बहर आला होता, आणि खिडकी बंद असली तरी वास आत यायचा. त्यांनी ती खिडकी लग्न झाल्यापासून तुमच्यादेखत एकदाही उघडली नाही. एक दिवस सकाळी ऑफिसचे कपडे घातलेले असताना ते बाहेर गेले, फावडं घेतलं आणि मुळासकट काढलं. मग तसेच चिखलाच्या बुटांनी पायरीवर बसून राहिले. ऑफिसला गेले नाहीत. हॉस्पिटलच्या फुलाचं तुम्हाला माझ्या पत्रातून कळलं. पण एवढं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, की त्या वॉर्डातून तो वास त्यांना बाकापर्यंत आला होता.

नंतर छोटी त्या खड्ड्याच्या काठाला बसायची आणि आत खडे टाकायची. ते तुम्हाला बघवेना. म्हणून जुन्या झाडाच्या चिठ्ठीवरचं नाव शोधत तुम्ही नर्सऱ्या फिरलात. मी विचारलं तेव्हा "काढलं" म्हणालात. कोणी काढलं ते सांगितलं नाहीत. मला राग यायचा तो तुमचा आला, आणि तुम्ही येऊ दिलात.

हे वाचून मला बरं वाटलं असं नाही. तुमच्यावर राग धरणं सोपं होतं. तेही गेलं.

तुमच्या पत्राच्या शेवटी जे आहे ते मी बऱ्याच वेळा वाचलं. छोटी तुम्हाला म्हणाली की झाड तिच्यामुळे मरतंय. मी चिडून निघून गेलो त्या दिवशी ती अंगणात गेली आणि नव्या रोपाला म्हणाली, "तू मर. आजोबा तुझ्यामुळे गेले." आता ते खरंच मरतंय. म्हणून ती रोज शाळेतून आली की त्याला सॉरी म्हणते आणि बाटलीतलं उरलेलं पाणी घालते. तुम्ही लिहिलं आहे, "उपाय सांगू नका हवं तर. पण तिच्या बोलण्याने झाड मरत नाही, हे तेवढं तिला सांगा. माझं ती ऐकते, पण तिला ते पटत नाही."

मी भिंतीवरून पाणी बघत होतो आणि लाड चालले आहेत असं लिहीत होतो. पोर बाटली रिकामी करत होती.

हे तिला वाचून दाखवा. माझं अक्षर तिला लागत नाही.

छोटे, झाड तुझ्या बोलण्याने मरत नाही. झाडाला कान नसतात. तू त्याला गाणं म्हटलं असतंस तरी ते असंच वाळलं असतं. गुलाब जिथे बरीच वर्षं उभा असतो, तिथे लगेच दुसरा गुलाब लावला तर तो धरत नाही. तिथली माती गुलाबाला कंटाळते. इतर कशाला नाही, फक्त गुलाबाला. तुझ्या आईला आणि मलाही हे माहीत नव्हतं. तुम्ही त्या घरात राहायला आलात तेव्हा खिडकीखाली आधीच्या लोकांचा एक म्हातारा गुलाब होता. तो काढून आम्ही त्याच जागी हा लावला, तो वाळला. दुसरा आणला, तोही वाळला. तेव्हा आम्ही कोणी त्याला मर म्हटलं नव्हतं. तुझी आई उलट दाढीवाल्या नर्सरीवाल्याशी भांडायला गेली, की वाळकी रोपं विकता. तो म्हणाला, "ताई, लावलंत कुठे? गुलाबानंतर गुलाब? मग दहा आणा, मला काय, माझा धंदा होतो." मग त्यानेच उपाय सांगितला. विचार तुझ्या बाबांना, तेही तिथे होते.

उपाय असा. खड्डा गुडघाभर खोल आणि तेवढाच रुंद खणायचा. तिथली माती सगळी बाहेर. खड्ड्यात पुठ्ठ्याचा मोठा खोका ठेवायचा, चिकटपट्टी आणि पिना काढून. खोक्यात दुसरीकडची माती भरायची, जिथे कधी गुलाब नव्हता अशी, आणि त्यात रोप लावायचं. पुठ्ठा कुजेपर्यंत मुळांना जुनी माती लागत नाही. तो कुजेपर्यंत रोप घट्ट झालेलं असतं. तेव्हा खोका मी डेपोतून आणला होता, ब्रेकच्या भागांचा. तू तेव्हा रांगत होतीस. माती भरायच्या आधी तू त्यात जाऊन बसलीस आणि बाहेर यायला तयार नव्हतीस. तुझी आई म्हणाली, राहू दे, हिलाच लावू.

इथे वाचणं थांबवलं तरी चालेल. पुढचं तुमच्यासाठी.

ती जागा खिडकीखालची आहे. माझ्या मुलीने हट्टाने तीच निवडली होती, वास आत यावा म्हणून. दुसरी जागा कुंपणापाशी आहे. सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली असते, तिथे कधी गुलाब नव्हता, म्हणजे खोक्याचंही काम नाही. तिथून वास घरात पोचणार नाही. मला विचाराल तर खिडकीखालीच लावावा. पण त्या खोलीत मी झोपत नाही.

रोपाची मुळं अजून जिवंत असतील. नखाने खोड खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर ऊन तापायच्या आत हलवायला हवं. आता पाणी कमी करा. छोटीला सांगा, बाटलीतलं पाणी स्वतः प्यायला हवं.

सौद्याचं मी लिहिलं होतं. तो रद्द.

तुम्ही मला बाबा म्हणत होतात. मी नको म्हटलं होतं. तुमच्या पत्रात वर "आदरणीय" आहे आणि पुढे कोरं सोडलं आहे. ते वाचायला बरं वाटत नाही. काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

सोबतची घडी केलेली चिठ्ठी त्यांना द्या. ते वाचतील तेव्हा तुम्ही तिथे थांबू नका.


जावईबापू,

मला कळलं. कोणाकडून ते विचारू नका आणि तिच्यावर चिडू नका.

तुम्हाला तो वास नको होता. मला तो हवा होता. तुमच्या गल्लीतून मी कशाला जात होतो, ते आता तुम्हाला लिहायला हरकत नाही. झाड गेल्यावरही जात राहिलो. सवय.

बाकावर का बसला होतात, ते मागच्या पत्रात विचारलं होतं. त्याचं उत्तर लिहू नका. झाड काढलंत त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. मला न सांगता काढलंत. सांगितलं असतंत तर मी तुम्हाला काढू दिलं नसतं, हेही खरं.

रविवारी सकाळी मी येतो आहे. छोटीला झाडाबद्दल कळवलं आहे, पण तिला ते माझ्या तोंडून ऐकायला हवं, आणि रोप थांबणार नाही. कात्री, माती आणि एक खोका आणतो. रोप खिडकीखाली लावायचं की कुंपणापाशी, ते तुम्ही सांगा. मी त्यात बोलणार नाही. कुंपणापाशी लावलंत तर खोका छोटी खेळायला घेईल.

खड्डा मात्र तुम्हाला खणावा लागेल. माझी कंबर आता वाकत नाही. पहिल्या वेळीही तुम्हीच खणला होता. आठवत असेल, उथळ झाला म्हणून सुपरवायझरने माती परत आत ढकलली आणि पुन्हा पहिल्यापासून खणायला लावलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी दुसरीकडे बघितलं.

या वेळी आधीच नीट खोल खणा. सांगायला ती नाही.

बाबा